एक अक्षर सांगायचं नाही

ज्या गावात थंडी म्हणजे मॉलमधला एसी, त्या गावात राहून अनघाला बर्फाचं वेड लागलं होतं. बर्फात खेळायचं नव्हे, बर्फाबद्दल वाचायचं. खरा बर्फ तिने जन्मात एकदाच पाहिला होता, मनालीला, आणि तोही घोड्यांनी तुडवून काळाकुट्ट केलेला. पण सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती टॅबलेट उघडायची आणि कॅनडाच्या पश्चिमेकडच्या एका डोंगररांगेचं हिमस्खलनाचं बुलेटिन वाचायची. रात्रीत किती बर्फ पडला, वाऱ्याने तो कुठल्या उतारावर नेऊन लोटला, जुन्या थरावर नवा थर नीट बसला की नाही, हे सगळं ती इतक्या मन लावून वाचायची की चहावर साय धरायची. खिडकीबाहेर खाली पोरं घामाघूम होऊन बॅडमिंटन खेळत असायची, आणि ही इकडे उणे अठरा वाचून पदर घट्ट ओढून घ्यायची.

कारण सरळ होतं. ते बुलेटिन तिची मुलगी लिहायची. रोज नाही, तिथे पाळ्या असत, आणि खाली कुणाचं नाव छापत नसत. पण आईला ओळखू येतंच. अनुयाची वाक्यं आखूड. शाळेत निबंध लिहायची तेव्हाही तशीच, आणि टीचर दर वेळी लाल पेनाने लिहायच्या, जरा विस्तार कर. ‘आज वरच्या उतारांवर जाऊ नका. उद्याही डोंगर तिथेच असेल,’ असं काही वाचलं की अनघा मनात म्हणायची, आज आपलं पोर कामावर आहे. मग ती तो मजकूर पुन्हा एकदा वाचायची, सावकाश.

आता कुणीही विचारेल, की बाई, एवढा जीव आहे तर फोन करून विचार ना पोरीला. तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

दोन वर्षांपूर्वी अनुया सुट्टीत घरी आली होती. सिंगापुरात जन्मलेली, वाढलेली मुलगी. कॉलेजसाठी कॅनडाला गेली ती डोंगरात रमली, आणि बघता बघता बर्फाचे थर तपासायची नोकरी धरून बसली. त्या दिवशी जेवताना ती रंगात येऊन सांगत होती. एका उतारावर पहिलं पाऊल टाकलं तर पायाखाली धप्प असा आवाज आला, जमीन खचल्यासारखी वाटली, आणि तिच्या बुटांपासून एक भेग निघाली ती सरसर सरसर लांब पळत गेली. ‘आई, सो ब्यूटिफुल!’ असं म्हणताना तिचे डोळे लकाकत होते. अनघाच्या हातातली वाढायची पळी आमटीतच राहिली. ती घाबरली, आणि ती भीती रागाच्या रूपाने बाहेर पडली.

“बास! यापुढे त्या बर्फातलं एक अक्षर मला सांगायचं नाही!”

अनघाच्या माहेरी, ठाण्याला, असली वाक्यं उठता बसता फेकली जात. ‘माझ्याशी बोलूच नकोस.’ ‘मला काही विचारू नका, मी या घरची कुणी नाही.’ त्यांचा अर्थ एवढाच असे की मी घाबरलेय, मी दुखावलेय, जरा जवळ ये आणि माझी समजूत काढ. संध्याकाळच्या चहापर्यंत अशी वाक्यं विरून जात आणि दुसऱ्या दिवशी ती कुणाला आठवतही नसत. अनघाची अपेक्षा होती, की अनुया उठेल, मागून गळ्यात हात टाकेल, ‘अगं ऐक तरी’ म्हणेल. मग आपण आणखी थोडं फुगून बसू आणि शेवटी ऐकू.

अनुया खाली मान घालून म्हणाली, “ओके, आई. सॉरी.”

आणि तिने शब्द पाळला. कुणी ‘नको’ म्हटलं की नको, त्याच्यापुढे रेटायचं नाही, हे तिला शाळेने शिकवलं होतं, आणि चांगलंच शिकवलं होतं. पण आईच्या रागातला शब्द पाळायचा नसतो, हे मात्र तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून दोन हिवाळे गेले. दर रविवारी फोन व्हायचा. घरभाडं, भाजीचे भाव, मामाच्या मुलाचं लग्न, सगळं बोलून व्हायचं. व्हिडिओ लावला तर अनुयाच्या मागच्या खिडकीत पांढरंशुभ्र दिसायचं. दोघीही त्याच्याकडे बघायच्या आणि एकीच्याही तोंडून त्याचं नाव निघायचं नाही. “बाकी काय?” अनघा विचारायची. “ऑल गुड, आई,” पलीकडून यायचं. फोन ठेवला की अनघाला वाटायचं, आपण कुणा सज्जन शेजारणीशी बोललो.

सुरुवातीला तिने अढी धरली. पोरीने आपण होऊन सांगावं. मग अढी गेली आणि तिच्या जागी भीती आली. आता विचारलं, आणि ती म्हणाली की, अगं तुलाच नको होतं ना? आणि समजा तिने सांगितलंच, तर आपल्याला ऐकवेल का? तरी तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती दिवसेंदिवस जास्तच हवीशी वाटत होती. त्या पोरीने पुन्हा समोर बसून, तसेच डोळे लकाकवत, आपल्याला तिच्या डोंगरातलं सांगावं. बुलेटिनमधून चोरून नको, तिच्या तोंडून हवं.

यंदा तिकडे बर्फ लवकर पडला. ऑक्टोबरातच एक पातळ थर येऊन गेला, मग बरेच दिवस कोरडी, कडक थंडी, आणि नोव्हेंबरात धो धो वादळं. बुलेटिन सुरू झालं, पण धोक्याच्या रंगाचा जो चौकोन असतो, हिरवा, पिवळा, केशरी, लाल, तो नुसता करडा. त्यात लिहिलेलं, ‘नो रेटिंग’.

“काय म्हणतोय तुझा बर्फ?” प्रबोधने टोस्टला लोणी लावत विचारलं. प्रबोध हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत होता. त्याला जहाजांची काळजी करायची सवय होती, पण ती विमा उतरवलेल्या जहाजांची. बायकोच्या या सकाळच्या वाचनाची तो थट्टा करायचा खरा. तरी विचारल्याशिवाय घराबाहेर पडायचा नाही.

“काही नाही. नो रेटिंग.”

“म्हणजे?”

“म्हणजे अजून धोकाच नाही. सीझन कुठे सुरू झालाय?”

प्रबोधने मान डोलावली. बाई बँकेच्या क्रेडिट विभागातून निवृत्त झालेली. रेटिंग म्हणजे काय ते तिला विचारायचं नाही तर कुणाला? तो आठवडा अनघाचा फार सुखाचा गेला. झोप चांगली लागली. करड्या चौकोनाकडे बघून तिला बरं वाटायचं.

त्याच बुलेटिनखाली एक दिवस सूचना आली. सीझनच्या तोंडावर लोकांसाठी ऑनलाइन व्याख्यान, सर्वांना मोफत प्रवेश. आणि वक्त्यांमध्ये, या वेळी मात्र नावानिशी, अनुया. तिकडची शुक्रवार संध्याकाळ म्हणजे इथली शनिवार सकाळ. अनघाने ते तीनदा वाचलं. नाव नोंदवताना ‘तुम्ही कुठल्या डोंगरात जाता?’ असा प्रश्न होता. तिने थोडा विचार करून ‘टॅम्पिनीस’ लिहिलं. त्यांनी चालवून घेतलं.

शनिवारी प्रबोध पिशवी घेऊन बाजारात गेला. येताना हॉकर सेंटरच्या खाण्यापिण्याच्या टपऱ्यांवर कॉफी घेऊन, चार लोकांशी गप्पा मारून येणार, म्हणजे तासभराची निश्चिंती. अनघाने त्याचा लॅपटॉप उघडला, कॅमेरा बंद आहे ना ते बघितलं, आणि आत शिरली. आपण कुणाला दिसत नाही याची तिला खात्री होती.

पडद्यावर आधी एक दाढीवाला सूत्रसंचालक आला, आणि मग अनुया. डोक्यावर लोकरी टोपी, मागे नकाशा. केस कापलेले होते. रविवारी फोनवर हे कसं दिसलं नाही? अनघाने पडद्याजवळ तोंड नेलं. मुलगी बोलायला लागली, इंग्रजीत, ठाम आवाजात. घरी फोनवर अडखळणारी, मराठी शब्द शोधणारी अनुया ही नव्हेच.

ती सांगत होती, की लोकांना वाटतं, बर्फ थोडा म्हणजे धोका थोडा. पण सीझनच्या सुरुवातीला हा थोडा बर्फच फसवतो. खाली दगड आणि झाडांची खोडं जेमतेम झाकलेली असतात. ओढे गोठलेले नसतात, वर नुसती पांढरी चादर असते. लहानसा लोट आला तरी तो माणसाला या सगळ्यावरून खरवडत नेतो. आणि ऑक्टोबरातला पातळ थर थंडीने मोडून साखरेसारखा रवाळ झालेला असतो. त्याची मूठ वळत नाही. त्याच्यावर आता नव्या बर्फाचं ओझं येऊन बसलंय.

“माझी आई दिवाळीला चिरोटे करते,” अनुया म्हणाली, आणि अनघा खुर्चीत ताठ झाली. “पोळ्या लाटून एकीवर एक ठेवतात, आणि मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा लेप लावतात. त्याला आम्ही साटा म्हणतो. साटा कशासाठी? तर थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. तळल्यावर बोट लावलं की पापुद्रे सुटे झाले पाहिजेत. नाही झाले तर आई मला ओरडायची, की साटा नीट लावला नाहीस. सध्या आपल्या डोंगरात जमिनीलगत एक साटा लागलेला आहे. आणि तो, सॉरी टु से, अगदी नीट लागलाय. कमकुवत थर म्हणजे काय हे मी कॅनडात नाही शिकले. सिंगापुरात शिकले, आईच्या ओट्याशी.”

तिकडे कुणीतरी हसलं. अनघाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आनंद झाला म्हणावं तर पाठोपाठ हेवाही वाटला. त्या एवढ्या परक्या लोकांना ही सगळं समजावून सांगत होती, हसत होती, हातवारे करत होती. आणि जिचा ओटा, तिला मात्र कॅमेरा बंद करून चोरासारखं ऐकावं लागत होतं.

मग प्रश्न सुरू झाले. एकाने लिहिलं होतं, की बुलेटिनमध्ये तर नो रेटिंग आहे, मग या शनिवार-रविवारी वर जायला हरकत नाही ना?

अनुयाचा चेहरा बदलला. “नो रेटिंग म्हणजे धोका नाही, असं नव्हे,” ती म्हणाली. “नो रेटिंग म्हणजे आम्हाला माहीत नाही. अजून वर फार कुणी गेलेलं नाही, आम्ही पुरेसे खड्डे खणून थर बघितलेले नाहीत. कुणी काही सांगितलेलं नाही, म्हणून आम्ही काही म्हणत नाही. आमच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘सगळं ठीक आहे’ असा लावू नका. प्लीज.”

अनघा सुन्न झाली. बँकेत असताना एका नव्या मुलाने एका कंपनीबद्दल ‘रेटिंग नाही, म्हणून शंका नाही’ असं लिहून आणलं होतं, तेव्हा तिने त्याला अख्ख्या विभागादेखत फैलावर घेतलं होतं. त्या नवख्या पोराचीच चूक आपण आठवडाभर करत होतो, आणि वर ढाराढूर झोपत होतो. पण खरा चटका वेगळाच होता. नुसता आठवडाभर कुठे? दोन वर्षं आपण हेच करत आलोय. दर रविवारी ‘ऑल गुड’ ऐकायचं आणि हायसं वाटून घ्यायचं. पोर काही सांगत नव्हती, कारण आपणच तिचं तोंड बंद केलं होतं. तिच्यावर काय काय गुदरलं असेल, हे या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

प्रश्न लिहायच्या चौकटीत तिने आधी इंग्रजीत सुरुवात केली, ‘डिअर स्पीकर’. ते खोडलं. प्रबोधच्या लॅपटॉपवर भजनं टाइप करायला मराठी अक्षरं होती. तिने एका बोटाने, भराभरा लिहिलं:

‘अनू, सांगू नकोस म्हटलं ते रागाच्या भरात. खरं नव्हतं. मला सांग. सगळं सांग.’

आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं.

पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं, की लॅपटॉप प्रबोधचा आहे आणि त्यावर खातं चालू आहे ते त्याच्या भजनी मंडळाचं. कोविडच्या काळात मंडळी ऑनलाइन भजन करायला लागली, तेव्हापासूनचं.

“आता एक प्रश्न आलाय,” दाढीवाला म्हणाला, “मँगल... मँगलवार बाजन यांच्याकडून. पण ही लिपी मला वाचता येत नाहीये. अनुया, तुला काही कळतंय का?”

अनुया पुढे झुकली. तिचं मराठी वाचन लहानपणीच्या शनिवारच्या वर्गापुरतंच. काना, मात्रा, वेलांटी बोट ठेवून वाचायची सवय अजून गेली नव्हती. अनघाला पडद्यावर तिचे ओठ हलताना दिसत होते, एकेक अक्षर, एकेक अक्षर. शेवटच्या शब्दाशी ते थांबले.

“बर्फाबद्दलच आहे ना?” दाढीवाल्याने शेवटी विचारलं.

“हो,” अनुया म्हणाली. “पण याचं उत्तर मोठं आहे. यांना मी वेगळं देते. नेक्स्ट क्वेश्चन, प्लीज.”

व्याख्यान संपलं आणि दोन मिनिटांत अनघाचा फोन वाजला.

“आई.”

“हं.”

“भजन ग्रुपच्या नावाने काय येतेस तू!” अनुया हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. “तू बुलेटिन वाचतेस?”

“रोज वाचते. तुझी पाळी असली की मला कळतं.”

“मग बोलली का नाहीस? तूच म्हणालीस ना, एक अक्षर नाही सांगायचं.”

“म्हणाले खरी. अगं, रागात माणूस बोलतं तसं. तू जरा मागे लागायचंस माझ्या.”

“हाऊ आय नो, आई? तू नको म्हणालीस, म्हणून मी नाही सांगितलं. आय ओन्ली लिसन टु यू लाह.”

त्या अस्सल सिंगापुरी ‘लाह’ने अनघाला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच हुंदका आला. अख्ख्या आयुष्यात या मुलीने आईचं ऐकलं ते नेमकं एकदा, आणि तेही नको तिथे.

“चुकलं माझं,” अनघा म्हणाली. “मी घाबरले होते गं. आता सांग.”

“शुअर? नंतर परत ‘बास’ म्हणायचं नाही हां. मी हाफवे थांबणार नाही.”

“नाही म्हणणार.”

मग अनुया बोलायला लागली, मराठीत, शब्द शोधत शोधत. “लास्ट जानेवारीत मी गाडली गेले होते, आई. पूर्ण नाही. छातीपर्यंत. आम्ही दोघं होतो, आणि मी पुढे होते. वरून सगळं एकदम सुटलं. मी ओरडले असेन, पण मला आवाज ऐकू आला नाही. थांबल्यावर ना, बर्फ एकदम सिमेंटसारखा होतो. श्वास आत घेता येत नव्हता. एक हात बाहेर होता फक्त. पार्टनरने खणून काढलं. त्यानंतरच्या रविवारी आपण फोनवर बोललो. काय बोललो, माहितेय? यंदा लोणचं लिंबाचं घालायचं की मिरचीचं.”

अनघाला तो रविवार आठवेना. असे कितीतरी रविवार होते आणि सगळ्यांत लोणचंच होतं. आपण इथे मिठाचं प्रमाण सांगत होतो, आणि फोनच्या पलीकडे आपलं पोर मरणातून बाहेर येऊन गुपचूप ऐकत होतं. तिने टेबलाची कड घट्ट धरली. तोच जुना शब्द, तोच, घशाशी आला.

दारात किल्ली फिरली. प्रबोध पिशव्या सांभाळत आत आला, काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि बायकोचा चेहरा बघून तसाच उभा राहिला. अनघाने त्याला हातानेच गप्प राहायची खूण केली आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“आई?” अनुयाचा आवाज बारीक झाला होता. “आहेस ना? थांबू का मी?”

घशाशी आलेला शब्द अनघाने गिळला.

“आहे,” ती म्हणाली. “मग?”